दिवस हाय का अजून?

३ डिसेंबर
आले बाई एकदाची सांगलीत! साताऱ्याची माझी मेस हाताखालच्या सुंदरीच्या गळ्यात मारली आणि थेट दवाखाना गाठला. अण्णा कालच आयसीयूतून वॉर्डात आलेत, नाकातली नळीही निघालीय. अर्धांगाच्या झटक्यानं तोंड डावीकडं वाकडं झालंय, पण मला बघून म्हणाले, ‘अक्का आली व्हय!’ लेकीला अक्का म्हणणारा माझा बाप परत मिळाला, अजून काय पायजे? खिडकीजवळची खाट आहे. शेजारी म्हसवडचे जोतीराम, पाय मोडलेला, तोंड मात्र धडधाकट. डबा भरतेशच्या घरून आणायचा. भरतेश माझा भाऊ, इथंच विश्रामबागेत राहतो. डॉक्टर म्हणाले, तोंडानं पोटभर खाऊ लागले की घरी सोडू. एवढंच ना? रोज पन्नास पोरं माझ्या हातचं चाटूनपुसून खातात.

५ डिसेंबर
जमेना. दोन चमच्यांवर अण्णा तोंड मिटतात. दिवस मावळला की पाण्याचा थेंबही नाही. आम्हा जैनांत हा नेम बरेच जण पाळतात, पण अण्णांसारखा कडक कुणी नाही. पलूसला रानातलं काम टाकून उजेडी जेवायला यायचे. आताही घासाआधी विचारतात, ‘अक्का, दिवस हाय का अजून?’ डॉक्टरांनी आज बजावलं, उद्या खाल्लं नाही तर परत नळी. ऐकून अण्णा लहान पोरासारखे रडले. माझं काळीज तुटलं.

६ डिसेंबर
रिक्षा अडकली, मी पोचेतो अंधार पडला. काय करू? पडदा ओढला, ट्यूब लावली. अण्णांनी नेहमीसारखं विचारलं. मी म्हटलं, हाय की!
वाटीभर मऊ भात खाल्ला त्यांनी, माझ्यावर विश्वास ठेवून. नळी टळली. मला मात्र घास गेला नाही.

८ डिसेंबर
दिवसा अण्णा काहीच घेत नाहीत. दिवेलागणीला मात्र आपले आपण उठून बसतात आणि डब्याला हात घालतात. दिवसाचं विचारत नाहीत. आज मला ‘ए बाई, वाढ’ म्हणाले. जोतीराम खिदळले, ‘म्हातारं लायनीवर आलं की!’ मीही हसले. सकाळी अण्णांना सांगितलं तर बावचळून म्हणाले, मी दिवस बुडल्यावर कशाला खाईन गं?

१० डिसेंबर
जोतीरामांचा डबा संध्याकाळी रिकामा निघाला. अण्णांच्या तोंडाला कांद्याचा वास. उभ्या जन्मात कांद्याला बोट न लावलेला माणूस! आणि खाताना तोंड सरळ होतं. सकाळी पुन्हा वाकडं, आवाज कालच्यापेक्षा बारीक. डॉक्टर संध्याकाळी येतात, त्यांना सुधारणाच दिसते. मी भरतेशला सांगितलं, अंधारात जेवतो तो आपला बाप नाही. तो म्हणाला, ताई, तू जरा झोप.
मी भरवते ते त्याच्या अंगी लागतंय. अण्णा विझत चाललेत.

११ डिसेंबर
आज डबा नेलाच नाही. बघू म्हटलं काय करतो.
त्यानं अण्णांचाच हात चावला. दात रुतेपर्यंत. माझ्याकडं बघत चावत होता —

१२ डिसेंबर
सकाळी अण्णांनी जखम बघितली. विचारलं, कुणी केलं गं? काय सांगू? दोन्ही वेळचं रांधून आणलं. दिवसा एक घास घ्या म्हणून पाया पडले. अण्णांना गिळता येईना. संध्याकाळी त्यानं सगळं खाल्लं. मीच भरवलं. हात चावू नये म्हणून.

१३ डिसेंबर
दिवसभर अण्णा जागे झालेच नाहीत. डॉक्टरांनी कालचं संध्याकाळचं खाणं बघितलं, उद्या घरी सोडणार. भरतेशनं वॉर्डभर पेढे वाटले. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

संध्याकाळ
पडदा उघडा ठेवलाय. काचेबाहेर काळोख. डबा माझ्या मांडीवर.
उठून बसला —
नाही. ओठ वाकडे आहेत. वाकडे! अण्णा —
‘अक्का,’ म्हणाले. किती बारीक आवाज. ‘अक्का, दिवस हाय का अजून?’
हो म्हटलं तर तो जेवणार. नाही म्हटलं तर अण्णा तोंड मिटतील, आणि तो त्यांनाच —
खिडकीकडं बघतही नाहीत. माझ्याकडं बघतायत. मी सांगेन ते खरं.
मी म्हटलं, अण्णा —