हाकेचा हंस

१४ ऑक्टोबर १९६१, सॉल्टथोर्प

आलो एकदाचे! सामानाच्या गाडीत डोरीनची चहाची किटली फुटली नाही, म्हणजे सगळं झकास होणार. शेफील्डच्या कारखान्यात सुऱ्यांना धार लावता लावता अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं रानहंसांच्या मागे घालवायचं, असं मी ठरवलं आणि बायकोने मान्य केलं. खरं तर ती नुसतं "बरं" म्हणाली, पण मी ते मान्य केल्यातच धरतो.

घर समुद्राच्या बांधाला टेकून आहे. बांधापलीकडे खाजण, त्यापुढे नुसता चिखल, आणि चिखलापुढे कुठेतरी समुद्र. दिवसभर कामंच कामं. काडतुसं ओल धरतात, म्हणून चुलीशेजारचं फडताळ मी मागितलं. डोरीनने पिठाचा डबा हलवायला साफ नकार दिला, त्यामुळे आता पीठ आणि काडतुसं शेजारी नांदतायत. मांडीपर्यंतचे रबरी बूट एक माप मोठे घेतलेत, आत दोन-दोन मोजे. बंदूक तेल पाजून पलंगाखाली. ब्रॅम्बल, आमची काळी कुत्री, वाटेत गाडीत ओकली आणि आता चुलीसमोर राणीसारखी पसरलीय.

संध्याकाळी शेजारचा विल्फ गार्नम बादलीभर ईल, सापासारखे लांब मासे, घेऊन आला. सत्तरीचा म्हातारा, जन्म या चिखलात गेलेला. माझा नवा कोट खालीवर न्याहाळून त्याने विचारलं, "काय हो शेफील्डकर, शिकारीला आलात की लग्नाला?" डोरीन इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

२० ऑक्टोबर

विल्फबरोबर पहिली पहाट. चिखलात खड्डा खणून त्यात बसायचं, पुढ्यात लाकडी पक्षी मांडायचे आणि तोंड मिटून थांबायचं. ओहळात पाणी मागे सरकायचं थांबलं की गुपचूप घरी निघायचं, कारण इथली भरती मागून येऊन वाट तोडते. काठी टेकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. हे सगळं त्याने मी दुसरीतलं पोर असल्यासारखं दोनदा सांगितलं.

आणखी एक नियम. पक्षी जखमी होऊन पडला, तर हातातलं सगळं टाकून त्याच्यामागे जायचं, त्याला संपवायचं आणि मगच पुन्हा काडतूस भरायचं. मी विचारलं, एवढी घाई कशाला, तो काय पळून जाणार आहे? विल्फ म्हणाला, पळायचा प्रश्न नाही, ओरडायचा आहे. इथे बाहेर काही ओरडत ठेवू नये. म्हातारे लोक असं काहीबाही बोलतातच.

९ नोव्हेंबर

अजून एक पीसही नाही. कोटाला आता कोणी नवा म्हणणार नाही, एवढीच प्रगती. काल पबमध्ये विल्फने सर्वांना सांगितलं की शेफील्डकरांनी एक समुद्रपक्षी मारला खरा, पण तो यांचा नेम बघून हसून हसून मेला. सगळा पब खिदळला. मीही हसलो, पण आतून जळत होतो. लिहायला काय हरकत आहे, मला ती माणसं त्या क्षणी नकोशी झाली.

१७ नोव्हेंबर

मिळाला!! आणि एक नव्हे, चार!

विल्फला ताप, म्हणून एकटाच गेलो होतो. पहिल्या बाराला एक हंस पंख मोडून पडला आणि चिखलात फडफडत जोरजोरात ओरडायला लागला. नियमाप्रमाणे उठणार, तेवढ्यात थवा सोडून दुसरा एक मागे वळला. त्याची मादी असणार. ती डोक्यावर घिरट्या घालत खाली खाली येत गेली, तिला मी दिसतच नव्हतो. पाडली. पहिला आणखी ओरडला. आणखी दोघे आले.

लाकडी पक्षी बघून पन्नासातला एखादा खाली येतो. जिवंत, दुखावलेला पक्षी ओरडला की त्याची माणसं येतातच. एवढी सोपी गोष्ट या लोकांना कशी कळली नाही?

त्याला मारला नाही. पोत्यात घालून आणला आणि सरपणाच्या खोलीत ठेवला. डोरीनला दिलेला पक्षी तिने मुकाट्याने सोलला, पण जिवंत असलेल्याकडे बघून म्हणाली, "त्याला आत्ता संपव, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस." मी म्हटलं, उद्या.

२९ नोव्हेंबर

उद्या काही उजाडत नाही. रोज त्या हंसाला पोत्यातून नेतो, पायाला दोरी बांधून खुंटीला अडकवतो आणि परत आणतो. पबमध्ये आता मला बसायला जागा करून देतात. हल्ली तो गप्प राहतो, म्हणून मोडका पंख जरा उचलावा लागतो. जरासाच. मग छान ओरडतो.

डोरीन दोन दिवस खरंच बोलली नाही.

आज विल्फ बरा होऊन चिखलात आला आणि त्याने खुंटी पाहिली. मला वाटलं शिव्या घालेल. तो नुसता पांढरा पडला. म्हणाला, ही रीत आमची नाही. बाहेरच्या वाळूच्या पट्ट्यावर जो बसतो त्याची आहे, आणि तो पक्ष्यांच्या मागे नसतो. पूर्वी धुक्यात कोणी चिखलात अडकून हाका मारायचा, घरचे धावायचे, आणि एकेक करून सगळं घर जायचं. म्हणून गावाने इथे काही ओरडत ठेवणं बंद केलं. "तुम्ही त्याला पुन्हा आठवण करून दिलीत," म्हणाला, आणि माझ्याबरोबर पुन्हा कधी येणार नाही असं सांगून निघून गेला.

मत्सर. दुसरं काय?

६ डिसेंबर

माझ्या खड्ड्याशेजारी कोणीतरी दुसरा खड्डा खणलाय. माझ्यापेक्षा खोल आणि लांब, कडा सफाईने कापलेल्या. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा सगळं सपाट करतं, त्यामुळे तो ताजाच असणार. आजूबाजूला पाऊल मात्र एकही नाही. विल्फचाच खोडसाळपणा असावा. मी तो बुजवला.

घरी येताना ध्यानात आलं, आणि ते डोक्यातून जात नाहीये. आम्ही समुद्राकडे तोंड करून बसतो, कारण पक्षी तिकडून येतात. त्या खड्ड्यातली बसायची पायरी बांधाकडे तोंड करून होती. घरांकडे.

८ डिसेंबर

खड्डा परत खणलेला. हंस नाही. दोरी खुंटीलाच, गाठ न तोडता नीट सोडवलेली. मी ओहळापर्यंत जाऊन आलो, तेवढ्यात.

सुटला बिचारा, असं मोठ्याने म्हटलं. आवाज खोटा वाटला.

११ डिसेंबर

आता बंदुकीला हात लावणार नाही. दुपारी पबमधून आलो तर डोरीन दाराला कडी लावून बसलेली. म्हणाली, तासभर तू खाजणातून मला हाका मारत होतास. मी म्हटलं, मी तर विल्फसमोर बसलो होतो. ती म्हणाली, म्हणूनच गेले नाही. आवाज अगदी तुझा होता, पण तो "डोरीन, डोरीन" म्हणत होता. तू मला कधी डोरीन म्हणतोस का?

मी तिला डॉर म्हणतो. लग्नाच्या आधीपासून.

तिला जवळ घेतलं. ती नक्कल तिला फसवू शकली नाही. लाकडी पक्ष्याने कोण फसतं? पण मग—

नको.

१३ डिसेंबर

घर विकायचं ठरलं. शनिवारी तिच्या बहिणीकडे जायचं. डोरीन सामान बांधतेय, गाणं गुणगुणतेय. किती दिवसांनी.

सकाळपासून ब्रॅम्बल दिसत नाही.

१४ डिसेंबर

ब्रॅम्बल बाहेर केकाटतेय. नक्कल नाही, खरंच तीच. डोरीनने बूट चढवले होते, मी ओढून काढले. तिला आत कोंडून मीच निघालोय. ऊन आहे, ओहोटी आहे, बंदूक भरलेली आहे. अर्ध्या तासात परत.

त्याच दिवशी. चिखलात

धुकं. एका श्वासात आलं. वही खिशात होती, डाव्या हाताने लिहितोय.

ब्रॅम्बल खुंटीला बांधलेली होती. माझ्याच खुंटीला. तिची दोरी कापली आणि घरी जा म्हणून ओरडलो. ती सुसाट गेली. मग मागून काहीतरी— उजवा हात खांद्यापासून लोंबतोय. पायाला दोरी. गाठ मी मारायचो तशी. सुटत नाही. सुरी काढून घेतलीय त्याने. बंदूक आहे, हात पोचणार नाही अशा अंतरावर, पुसूनबिसून कोरड्या पोत्यावर ठेवलेली.

तो दिसत नाही. खड्ड्यात आहे. श्वास ऐकू येतो. घाई नाही त्याला.

थोड्या वेळाने

काय केलं मी हे? कुत्रीला घरी पाठवलं. चिखलाने माखलेली, दोरी लोंबणारी, माझ्याशिवाय. डोरीन तिला बघून खिडकी फोडून निघेल. कुत्री तिला सरळ इथे—

ओरडायचं नाही. एवढंच हातात आहे. मी गप्प राहिलो तर तिला धुक्यात सापडणार नाही.

बांधावर पत्रा वाजतोय. धुक्यात वाट चुकलेल्याला दिशा कळावी म्हणून वाजवतात. तिकडून नको गं उतरूस. विल्फ, धर तिला कोणीतरी.

ओहळात पाणी चढायला लागलं. ये. लवकर ये, पाण्या. तिच्याआधी ये आणि माझं तोंड बुजव.

पत्रा जवळ आला. बांध सोडला तिने. ब्रॅम्बल भुंकतेय. डोरीन माझं नाव घेतेय, रडत.

हातमोजा तोंडात कोंबलाय. आवाज नाही काढणार. जीव गेला तरी—

खड्ड्यातून तो उठला. माझ्या मागे बसलाय. मोडका हात हळूच हातात घेतलाय त्याने. जरासा उचल

डॉर मागे फिर मी ओरडणार नाही मी ओरडणार ना