समता कॉलोनीतली आठ फुटी सुरक्षा

१० नोव्हेंबर २०२४, रविवार
मागच्या गल्लीत भरदिवसा एका बाईंच्या गळ्यातली पोत ओढून नेली. बाई पडल्या, हात मोडला. वनमाला रोज संध्याकाळी गेटबाहेरच्या ओट्यावर बसते, गळ्यात मंगळसूत्र. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला पन्नास पावलांपुढे चालवत नाही. तो ओटा हेच तिचं फिरणं, बाजार आणि महिला मंडळ. बातमी ऐकल्यापासून मी तीनदा गेटपर्यंत जाऊन तिला पाहून आलो. तिला हे सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं की प्रशासन झोपलेलं आहे.
संकल्प: गल्ली मी सुरक्षित करणार. छत्तीस वर्षं रेल्वेत वर्क्स इन्स्पेक्टर होतो. मी बांधलेल्या यार्डाच्या भिंती आजही उभ्या आहेत. माणसं विसरली, ही गोष्ट वेगळी.

१६ नोव्हेंबर, शनिवार
एका संस्थेची कार्यशाळा. विषय: इमारती आणि रस्ते असे बांधा की गुन्हाच होऊ नये. वक्ता निरंजन नावाचा तरुण आर्किटेक्ट. मूळचा अकोल्याकडचा, आपल्यातलाच, पण इथल्या हिंदी मुलखात वाढलेला, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर. सकाळचं सत्र उत्तम. हद्द स्पष्ट हवी. ये-जा एकाच दारानं हवी. जागा कोणाची आहे ते लांबून कळलं पाहिजे. सात पानं टिपणं काढली. हे सगळं मला आधीच ठाऊक होतं. रेल्वेत याला भिंत म्हणतात.
जेवणात छोले-पुरी. दुपारचं सत्र राहिलं. जेवणानंतर कोणीही नवीन काही सांगत नाही, हा नोकरीतला अनुभव. घरी येऊन झोपलो.

२४ नोव्हेंबर, रविवार
यशवंतरावांकडे गल्लीची मीटिंग. अकरा घरांतून चार माणसं. यशवंतराव म्हणजे मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. ‘माजी’ हा शब्द त्यांना अजून पटलेला नाही. त्यांच्या घराला गुडघ्याएवढं कंपाउंड आणि जास्वंदी, त्याचं सगळ्यांना कौतुक. माझी योजना ऐकून म्हणाले, भाऊ, आपल्या गल्लीत चोर आला तर त्याले पहिले इस्त्रीवाली अंजनाबाई विचारते, किसके घर जाना है भैया. सगळे हसले. मी हसलो नाही, त्यामुळे माझी नोंद गंभीर माणूस म्हणून झाली असावी.
अखेर मला सुरक्षा प्रमुख नेमण्यात आलं. एकमतानं. तोवर बाकीचे चहाला उठले होते.

२ डिसेंबर, सोमवार
अंजनाबाईचा प्रश्न निकाली काढला. अठरा वर्षं ही बाई आमच्या गेटसमोर करंजाखाली इस्त्रीचा ठेला लावते. बाहेरचा माणूस कपडे टाकायच्या निमित्तानं गल्लीत येतो, उभा राहतो, इकडेतिकडे बघतो. हे चालणार नाही. शांतपणे समजावून सांगितलं. तीही शांतपणे म्हणाली, हव साहब. मी वादाची तयारी करून गेलो होतो, ती वाया गेली. जाण्याआधी माझे सहा शर्ट इस्त्री करून, घडी घालून दिले.
वनमाला दुपारपासून बोलत नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, थे माह्याशी बोलत होती. या गल्लीत तुम्ही कोणाशी बोलता?
थोडा त्रास होणारच. सवय होईल.

२१ डिसेंबर, शनिवार
भिंत पूर्ण. आठ फूट, आरसीसी कॉलम, वर काचा. मिस्त्री मारोती पाया खणतानाच म्हणाला, साहेब, जेल बांधून राहिले का? अडाणी माणूस, पण काम सरळ.
ओटा भिंतीच्या लाइनीत येत होता. अर्धा तोडावा लागला. उरलेला आता आत आला, म्हणजे वनमालेला पूर्ण सुरक्षिततेत बसता येईल. संध्याकाळी ती बसली. समोर भिंत. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, प्लास्टर छान झालं. मला बरं वाटलं. बायको कामाची तारीफ सहसा करत नाही.
गेट आपोआप बंद होऊन लॉक होतं. बाहेरून उघडायला किल्ली, आतून हॉलमधलं बटन. एक कॅमेरा, तोंड गल्लीकडे.

१९ जानेवारी २०२५, रविवार
हळदीकुंकू. दरवर्षी चाळीस बाया येतात. या वर्षी गेटवर रजिस्टर ठेवलं: नाव, घर नंबर, आल्याची वेळ, कामाचं स्वरूप. शेजारच्या चित्रानं कामाच्या रकान्यात लिहिलं ‘कुंकू’ आणि माझ्याकडे बघत पेन खाली ठेवलं. बँकेत आहे म्हणून आगाऊपणा. बऱ्याच बाया गेटपर्यंत आल्या, बेल वाजवली, आतून उघडेपर्यंत एकमेकींकडे पाहिलं आणि यशवंतरावांकडे गेल्या असं कॅमेऱ्यात दिसतं.
एकूण नऊ. वनमालेनं वाणाच्या एकतीस चहागाळण्या परत कपाटात ठेवल्या. एकेक करून. मी म्हटलं, संख्या महत्त्वाची नाही, आलेल्या प्रत्येकीची नोंद आहे. तिनं कपाट जरा जोरात लावलं. बिजागरी तपासली पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार
निरंजनला काम पाहायला बोलावलं होतं. अपेक्षा: शाबासकी, जमल्यास पेपरात फोटो. पोट्टा भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, अंकल, लंच के बाद आप नहीं थे क्या? असली बात तो तब थी.
त्याचं म्हणणं असं. भिंत छातीएवढी असावी, म्हणजे आतला रस्त्याला दिसतो आणि रस्ता आतल्याला. ओटे, झाडाखाली बसणारी माणसं, उघड्या खिडक्या, हीच खरी राखण. उंच भिंतीमागे एकदा कोणी शिरला की त्याला विचारणारं कोणी नाही. समोर कोण बसायचं, असं त्यानं विचारलं. वनमालेनं अंजनाबाईचं सांगितलं. तो म्हणाला, आंटी, वो तो इस गली की सबसे बढ़िया सिक्योरिटी थी. वनमाला आत निघून गेली. बराच वेळ नळ चालू होता.
वय पंचवीस. स्वतःच्या हातानं एक वीट लावलेली नाही. आणि आम्हाला शिकवणार.
दुपारी झोप लागली नाही. छोले जड गेले असते तर गोष्ट वेगळी होती, पण आज वरणभात होता.
संकल्प: मार्चअखेर फेरविचार. आत्ता पाडली तर यशवंतराव वर्षभर हसतील.

२० फेब्रुवारी, गुरुवार, हॉस्पिटल
परवा अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात गेलो होतो, ‘सुरक्षित गल्ली’चा प्रस्ताव द्यायला. वनमाला तुळशीला पाणी घालताना पडली. सव्वाअकराच्या सुमारास. खुब्याचं हाड. फोन हॉलमध्ये, बटनही हॉलमध्ये. मी आलो एक पस्तीसला.
चित्राची त्या दिवशी सुट्टी होती, घरीच होती. म्हणाली, काका, आवाज आल्यासारखं वाटलं, पण दिसलं काहीच नाही. बेल वाजवली, कोणी उघडलं नाही. वाटलं, तुम्ही दोघं बाहेर गेले. आधी तिच्या किचनमधून आमची तुळस दिसायची.
ती रडत होती. मी तिला म्हटलं, तुझी चूक नाही.
वनमाला दोन तास वीस मिनिटं उन्हात पडून होती. मी ऑफिसात दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळावा म्हणून भांडत होतो. मिळाला.

२२ फेब्रुवारी, शनिवार
कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. अकरा ते एक पस्तीस, पूर्ण पाहिलं, पुढे न ढकलता. एक कुत्रा. दोन स्कूटर. भाजीवाला आमच्या गेटसमोर थांबतो, मान वर करून भिंतीकडे पाहतो, कान देतो, पुढे जातो. चित्रा बेल वाजवते, वाट पाहते, परत जाते. कॅमेऱ्यात आवाज येत नाही.
एकही संशयित नाही. यंत्रणा चोख काम करत होती.

९ मार्च, रविवार
वनमालेला मुलीनं हॉस्पिटलमधूनच आपल्याकडे नेलं, शंकर नगरला. मंजिरी माझ्याशी कामापुरतं बोलते, तेही हिंदीत.
भिंत कापणं चालू. छातीएवढी ठेवणार. मारोती म्हणतो, साहेब, लई पक्की बांधली तुम्ही. तीन दिवसांत सहा फूट लांबी झाली. एरवी मला अभिमान वाटला असता. थोडा वाटलाही.
अंजनाबाईला शोधत गेलो. तीन गल्ल्या सोडून, एका दवाखान्याच्या सावलीत ठेला. तिनं मला बसायला स्टूल दिलं, दीदीची, म्हणजे वनमालेची, चौकशी केली, डोळे पुसले. मी म्हटलं, परत ये, करंजाखाली, मी स्वतः शेड बांधून देतो. म्हणाली, हव साहब. या बाईच्या ‘हव’चा अर्थ मला अठरा वर्षांत समजून घेता आला असता.
ती आलेली नाही.

२३ मार्च, रविवार
शंकर नगरला गेलो. भिंत साडेचार फुटांवर आली, काचा काढल्या, रजिस्टर रद्दीत दिलं, नवा ओटा बाहेर बांधला, टेकायला पाठ आहे, हे सगळं क्रमानं सांगितलं. बोलण्याची तयारी बसमध्येच केली होती. वनमाला गॅलरीत वॉकर धरून बसली होती. समोरच्या गॅलरीतल्या बाईशी तिचं काही बोलणं चाललेलं, ते संपेपर्यंत मी थांबलो.
मग म्हटलं, घरी चल. तिनं वॉकर जरा जवळ ओढला. मी म्हटलं, माझं चुकलं. हे वाक्य मी लग्नाच्या एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, ते तिच्या लक्षात आलं की नाही कळलं नाही. पुढे म्हटलं, त्या दिवशी तू मला किती हाका मारल्या असशील, हे सारखं मनात येतं. त्या भिंतीपायी कोणाला ऐकू गेलं नाही.
ती म्हणाली, तुम्हाले? तुम्हाले एकबी हाक नाही मारली. अंजना, अंजना, असंच करून राहिली होती मी. थे तिथं नाही हे मले मालूम होतं, तरी.
मी विचारलं, मले काहून नाही मारली?
तिनं थोडा विचार केला. रागात नव्हती. म्हणाली, तुम्हाले हाक मारायची सवय सुटली. भिंत तर आत्ता डिसेंबरात बांधली तुम्ही.
मंजिरीनं चहा आणला. मी म्हटलं, साखर जरा जास्त झाली, आणि पिऊन टाकला.