काही नाही निघालं

आई, तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुझ्याशी मनातसुद्धा फारसं बोलले नाही. आज बोलतेय, कारण काल ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की तिसऱ्यांदा आयव्हीएफ करण्यात आता अर्थ नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. पाळी आली की डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी मुटकुळं करून पडायचे आणि तू मला ओलांडून कुकर लावायचीस. "बाईच्या जातीला एवढं चालायचंच. मी वागळे इस्टेटला आठ-आठ तास उभी राहून औषधांची पाकिटं भरते, मी झोपते का?" मग एकदा कॉलेजात चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठे तू मला सोनोग्राफीला नेलंस. मी बाहेर बाकावर बसलेली, तू आत डॉक्टरांशी बोलतेयस. बराच वेळ. बाहेर आलीस, रिपोर्ट पिशवीत कोंबलास आणि म्हणालीस, "काही नाही निघालं. चल." परतताना स्टेशनजवळच्या दुकानात थांबून मला घड्याळ घेतलंस, मी न मागता. मला वाटलं, सगळं नीट निघालं म्हणून तू खुशीत आहेस.

तू गेल्यावर चार वर्षांनी माझं लग्न झालं, आम्ही ठाण्यात बाळकुमला राहायला आलो. दोन वर्षं दिवस राहिले नाहीत म्हणून तपासायला गेलो. "आधी कधी सोनोग्राफी झालेली?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "झालेली. नॉर्मल होती," मी अगदी ठामपणे सांगितलं. त्यांनी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. दोन्ही अंडाशयांत गाठी, आतलं रक्त जुनं होऊन चॉकलेटसारखं झालेलं. डावीकडची संत्र्याएवढी. ऑपरेशनमध्ये डावं अंडाशय काढावं लागलं. उजव्यातली गाठ काढली, पण त्यात स्त्रीबीजं थोडीच उरली.

मावशी दवाखान्यात पेज घेऊन आलेली. माझ्याकडे बघून रडायला लागली आणि बोलून गेली, "तेव्हा लिंबाएवढी होती गं. मी ताईला म्हटलेलं, मोठ्या डॉक्टरांना दाखव. ती म्हणाली, पोरीला गाठ आहे हे बाहेर गेलं तर स्थळ कुठून येणार?" मी पेज प्यायले नाही.

तेव्हाच उपचार झाले असते तर, असं मी डॉक्टरबाईंना विचारलं. "नक्की कोणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण लक्ष ठेवता आलं असतं. स्त्रीबीजं काढून जपून ठेवता आली असती." तू असतीस तर यातलं 'नक्की नाही' तेवढंच उचलून धरलं असतंस. मला त्यांचं पुढचं वाक्य झोपू देत नाही. ज्याच्यासाठी लपवलंस तो माणूस प्रत्येक इंजेक्शनला माझा हात धरून बसला, आई. त्याला सांगितलं असतं तरी त्याने लग्न केलंच असतं. पण तू त्याला ओळखत नव्हतीस, आणि मला विचारलं नाहीस. काही ठरवायचं आहे, एवढंसुद्धा मला कळू दिलं नाहीस. घाबरली असशील. मावशी तसंच म्हणते. मला अजून तुझ्या भीतीची कीव येत नाही.

हे लिहून काय करायचं, ठाऊक नाही. नवऱ्यालाही दाखवणार नाही. एक मात्र सांगते. यंदा तुझ्या श्राद्धाला मी डोंबिवलीला गेले नाही. दादाला फोन करून ताप आलाय म्हटलं. ताप नव्हता.