खासगी शेरे काढून टाकणेबाबत

रविवार, ३ ऑक्टोबर १९९९

आज आमचे वधूवर सूचक केंद्र इंटरनेटवर गेले. सांगली जिल्ह्यात पहिलेच. म्हणजे मला माहीत असलेले पहिले. अमेरिकेतली एक कंपनी पानांना फुकट जागा देते. फुकट ते पौष्टिक.

मायाबाईंच्या सायबर कॅफेत बसून सगळे स्वतः केले. त्या म्हणत होत्या, काका, मी करून देते. पाटबंधारे खात्यात उभा जन्म फायलींत काढलेल्या माणसाला ही बाई फाईल शिकवणार! फ्लॉपीवर जे होते ते सगळे चढवले, निवडत बसलो नाही. सर्च इंजिनवाल्यांनी विचारले, यातली कुठली पाने आमच्याकडे नोंदवायची? सगळी नोंदवा, म्हटले. मोठे काम करताना हात आखडता घेऊ नये.

कॅफेतला कीबोर्ड मात्र घाणेरडा. बाई भडंग खात खात काम करतात, त्यामुळे बटणांना तेल आणि मिठाचा थर. घरी येऊन साबणाने हात धुतले, तरी जेवताना लसणाचा वास.

संकल्प : ‘संचालक’ असा रबरी शिक्का करून घेणे.

बुधवार, ६ ऑक्टोबर

संयोगिताची सुपारी फुटली. स्थळ साताऱ्याचे, केंद्रातलेच. निवृत्त सुभेदार केरबा यांचा मुलगा साईराज, अमेरिकेत कॉम्प्युटर इंजिनियर. तुळशीचे लग्न झाले की बार उडवायचा. दुसऱ्यांच्या पोरी खपवणाऱ्याची स्वतःची पोर घरात, असे म्हणणाऱ्या नातेवाइकांची तोंडे एकदाची बंद.

सुभेदार मात्र पहिल्या भेटीपासून बघवत नाहीत. कढी ओरपतात आणि मग मिशी पालथ्या हाताने पुसतात. तोच हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाले, “पावनं, पोरगी आमाला लय आवडली.” शर्ट धुवायला टाकला.

रविवार, १० ऑक्टोबर

इस्लामपूरहून कोंडीबांचा फोन. त्यांच्या थोरल्याचे नाव आमच्याकडे आहे. ओरडत होते, “लालासाहेब, आमच्या पोराच्या टकलाची बातमी अमेरिकेत कशी गेली वो?” त्यांच्या पुतण्याने तिकडे इंटरनेटवर पोराचे नाव शोधले, तर पान उघडले : ‘टोपी घालून येतो. बघण्याच्या कार्यक्रमात पंखा फुल्ल ठेवणे, म्हणजे उकडून ती काढणार नाही.’

फोन ठेवून फ्लॉपी शोधली.

आमच्या धंद्यात स्थळाच्या दोन फायली ठेवाव्याच लागतात. एक लोकांसाठी : गोरी, गृहकृत्यदक्ष; निर्व्यसनी, बागायती. दुसरी आपल्यापुरती. तिचे नाव मी ‘खरं-खरं’ ठेवले आहे. मुलगी तिरळी आहे हे ठाऊक असल्याशिवाय तिला कुठल्या बाजूला बसवायचे ते कसे ठरवणार? तर ही दुसरी फाईलही त्याच फ्लॉपीवर होती. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. अमेरिकन माणसाला काय कळणार आहे त्यातले?

पण अमेरिकेत आपली माणसे फार झाली आहेत. इथे असताना कधी पेपर वाचला नाही, आणि तिथे जाऊन स्वतःचे नाव शोधत बसतात. शिसारी येते.

सोमवार, ११ ऑक्टोबर

प्रश्न निकालात. फ्लॉपीवरून ‘खरं-खरं’ डिलीट केली. तेवढ्यावर भरवसा नको म्हणून अडकित्त्याने फ्लॉपीचे चार तुकडे केले आणि बंबात घातले. इतका घाण धूर निघाला की ही न्हाणीघरातून ओरडली, “आवं, काय मेलंय बंबात?”

कोंडीबांना फोन करून सांगितले, फाईल समूळ नष्ट केली आहे.

बुधवार, १३ ऑक्टोबर

फाईल आहे तशीच दिसते आहे.

मायाबाई म्हणतात, “काका, तुमची फ्लॉपी म्हंजे नुसतं बी. झाड तिकडं अमेरिकेत उगवलंय.” ते काढायचे तर पासवर्ड हवा. पासवर्ड फ्लॉपीवर होता. पासवर्ड हरवला तर कंपनी नवा पाठवते, पण आपल्या ई-मेलवर. त्या ई-मेलचा पासवर्डही त्याच फ्लॉपीवर होता. एका ठिकाणी नीट जपून ठेवण्याची सवय मला पहिल्यापासून आहे.

बाई हसल्या. दातांत डाळवे अडकले होते.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

नवीन ई-मेल काढून कंपनीला अर्ज केला. विषय : खासगी शेरे काढून टाकणेबाबत. संदर्भ, विनंती, कळावे, सगळे इंग्रजीत. पाठवतो न पाठवतो तोच उत्तर! आपले पत्र आम्हाला महत्त्वाचे वाटते, त्यावर लवकरच कार्यवाही करू. याला म्हणतात प्रशासन. आपल्याकडे पोच मिळायला जोडे झिजतात.

मायाबाई म्हणाल्या, “ते मशिन पाठवतंय वो काका, सगळ्यांनाच.” या बाईला कुणाचे चांगले बघवत नाही.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

आठवडा गेला. रोज अर्ज करतो, रोज तेच उत्तर. स्वल्पविरामसुद्धा बदलत नाही. अमेरिकेचा वीट आला.

कोणाचेही नाव शोधा, तेच पान वर येते. स्थळांत तासगावचे एक हेडमास्तर आहेत, त्यांचा तर हातानेच लिहिलेला निषेध आला. त्यांच्या मुलीबद्दल मी ‘हसली तर हिरड्या, हसवू नये’ एवढेच लिहिले होते. आता मुलीला हिरड्या असतील तर त्यात माझा काय दोष?

सुभेदारांच्या घरी अजून कळलेले दिसत नाही. साईराज कामसू मुलगा आहे, रिकामे उद्योग करणार नाही. हे लग्न मोडता कामा नये. मोडले तर केंद्र बंद करून मला सांगली सोडावी लागेल. पोरीचे काय होईल ते तर वेगळेच.

संकल्प : खंबीर राहणे. पुढाकार घेणे.

सोमवार, २५ ऑक्टोबर

आपल्याकडे जमीन असो, हरवलेला शिक्का असो की पळून गेलेला मुलगा, पेपरात जाहीर नोटीस दिली की माणूस मोकळा. हे मला आधीच सुचायला हवे होते. वकील भाऊसो यांच्याकडून मजकूर करून घेतला :

‘तमाम जनतेस कळविण्यात येते की, इंटरनेटवर खालील पत्त्यावर माझ्या अशिलाच्या केंद्रातील स्थळांबाबत जे खासगी शेरे प्रसिद्ध झाले आहेत ते कोणीही वाचू नयेत. वाचल्यास ते वाचणाऱ्यावर बंधनकारक राहणार नाहीत.’

खाली पानाचा पूर्ण पत्ता. भाऊसो म्हणाले, पत्ता नसेल तर नोटीस कायद्याने टिकत नाही. सांगली आणि सातारा, दोन्ही आवृत्त्यांत दिली. चौकटीत.

बुधवार, २७ ऑक्टोबर

कॅफेबाहेर चपलांचा ढीग. लोक नोटिशीचे कात्रण हातात घेऊन पत्ता टाइप करून घेत होते. मायाबाईंनी पानाच्या प्रिंट काढून ठेवल्या आहेत, शेजारचा झेरॉक्सवाला त्याच्या प्रती विकतो आहे. बाई मला म्हणाल्या, “काका, तुमाला इथून पुढं इंटरनेट फुकट. बसा की.”

बसलो नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने माझा शेरा मोठ्याने वाचला आणि हसता हसता खुर्चीवर भडंग सांडले. या गावाची मला मनापासून किळस आली. दुसऱ्याचे खासगी वाचताना लोकांना लाज वाटत नाही.

शुक्रवार, २९ ऑक्टोबर

केंद्रातून वीसेक स्थळे नाव काढून घेऊन गेली. कोंडीबा मुलाला घेऊन आले, त्याची टोपी काढली आणि म्हणाले, “बघा, पोटभर बघा.” पंखा फुल्ल होता. मी बंद केला. तरी त्यांचा राग गेला नाही.

घरातले वातावरणही चांगले नाही. ही बोलत नाही. संयोगिता ताट वाढते आणि आत जाते. लग्न ठरलेल्या मुली अशाच गप्प होतात, मी कित्येक पाहिल्या आहेत.

मंगळवार, ९ नोव्हेंबर, दिवाळी पाडवा

हिने ओवाळले. संयोगिता दरवर्षी ओवाळते, यंदा ताट हिच्या हातात देऊन परसात गेली. ओवाळणीचे पाकीट माझ्या हातात तसेच राहिले. लाजते पोर.

हिचा भाऊ नाथाजी कुंडलहून आला होता, द्राक्षबागेची छाटणी टाकून. मामा-भाची मागच्या दाराला बराच वेळ बोलत बसली होती. मी गेलो तशी पोर उठून आत गेली. नाथाजीच्या अंगाला औषधफवारणीचा वास. माझ्याकडे न बघता म्हणाला, “दाजी, तुमी ते समदं लिवलेलं परत एकदा वाचलाय का?” मी म्हणालो, लिहिणाऱ्याला वाचायची गरज नसते.

सोमवार, १५ नोव्हेंबर

विजय! कंपनीने पान काढून टाकले. पत्ता टाकला की कोरे. चिकाटी असावी लागते. कॅफेत सगळ्यांसमोर सांगितले की एका सांगलीकराने अमेरिकेला नमवले.

मायाबाई म्हणाल्या, “पान गेलं, पण सर्चमध्ये अजून दिसतंय की.” खरेच, कोंडीबांच्या पोराचे नाव शोधले तर आमच्या केंद्राचे नाव येते, आणि खाली पानाच्या सुरुवातीच्या दोन ओळी. हेडमास्तरांच्या मुलीचे नाव टाकले, त्याच दोन ओळी. सुभेदारांचे टाकले, तेच. सर्च इंजिन प्रत्येक पानाची सुरुवात जपून ठेवते म्हणे, बाकीचे फक्त शोधण्यापुरते. पुन्हा कधीतरी फिरकेल आणि पान नाही असे दिसले की पुसेल. कधी, ते सांगता येत नाही.

म्हणजे बाकी सगळ्यांचे सगळे गेले. राहिल्या त्या दोनच ओळी.

‘अ. क्र. १. संयोगिता, स्वतःची मुलगी. रंग उतरता, तोंड फटकळ, हट्टी. जास्त चौकशी न करणारे घर मिळताच उरकून टाकणे.’

हे मी लिहिले होते हे आठवत नव्हते. पण लिहिले होते. फाईल सुरू करताना नमुना म्हणून पहिली नोंद घरचीच केली. धंद्यात आपपरभाव नको. पद्धत म्हणून ते बरोबरच आहे.

मायाबाईंनी भडंगाचा पुडा खाली ठेवला आणि स्क्रीन माझ्याकडून दुसरीकडे फिरवला. आगाऊ बाई.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

सुभेदार एकटेच साताऱ्याहून आले. मी लगेच सांगितले, तुमच्या मिशीत कढी राहते असे जे लिहिले आहे ते सद्भावनेने आहे. तर ते खो खो हसले. साईराजने ते सगळे महिन्यापूर्वीच वाचून त्यांना फोनवर सांगितले होते. “माज्या सायबानं सर्व्हिसच्या कागदात याच्यापरीस वंगाळ लिवलं हुतं. आमी घरात समदी लय हसलो.”

मला हायसे वाटले. चहा मागवला.

मग त्यांचे हसणे थांबले. म्हणाले, “पर पोरीचं वाचून आमच्या घरात कुणी हसलं न्हाई. साईराजनं तिला इचारलं, ती म्हनली, मला कवाचं ठावं हाय. लगीन हुनार. पोरगी पसंत हाय आमाला. बाप न्हाई.”

हा तुमचा निर्णय का, असे मी विचारले. ते म्हणाले, “न्हाई, तिचाच हाय. कन्यादान मामा करंल म्हनली. म्या समजवून बघितलं तिला, खोटं न्हाई सांगत.”

चहा न घेता गेले. आतून कपबशी आपटल्याचा आवाज आला, ही असावी.

सोमवार, २२ नोव्हेंबर

संयोगिता आणि ही कुंडलला गेल्या. लग्न तिकडेच, नाथाजीच्या दारात. जाताना पोर पाया पडली. मी म्हणालो, सर्चवाले लवकरच पुसणार आहेत, मी रोज अर्ज करतो आहे. ती म्हणाली, “आप्पा, पुसून काय हुनार? मला पाठ झालंय.”

फटकळ आहे हे मी लिहिले होते, ते काय खोटे होते?

हे वाक्य खोडायला हवे. राहू दे.

शनिवार, ४ डिसेंबर

लग्नपत्रिका आली. पोस्टाने. जवळच्या घरी अक्षता घेऊन माणूस जातो, लांबच्यांना पोस्टाने पाठवतात. वर माझे नाव, ‘श्री.’ लावून, संयोगिताच्या अक्षरात.

पोस्टमन विचारत होता, कुणाचं लग्न? त्याला म्हणालो, ओळखीतले आहे. पायऱ्यांवर थुंकून गेला. आज त्याची किळस यायला हवी होती, आली नाही.

सोमवार, १३ डिसेंबर

काल लग्न झाले. मी गेलो नाही. गुडघा दुखत होता. तसा तो रोजच दुखतो.

आज कॅफेत गेलो. संयोगिता, माझे नाव, आडनाव असे सगळे टाइप करून शोधले. दोन ओळी गेल्या आहेत. काहीही सापडले नाही, असे इंग्रजीत आले. मायाबाई म्हणाल्या, “झालं की काका तुमचं काम.”

पुन्हा टाइप केले. काही नाही. स्पेलिंग चुकले असेल म्हणून एकेक अक्षर बघून तिसऱ्यांदा केले. नाही. मग लक्षात आले की कालपासून तिचे नाव हे राहिलेलेच नाही. नवे आडनाव सुभेदारांचे. ते टाकायला बोट उचलले, तर आठवले, लग्नात मुलीचे नावही बदलतात, आणि तिचे काय ठेवले ते मला माहीत नाही. विचारायचे कुणाला?

मायाबाईंनी विचारले, “काका, आणि काय शोधायचंय?”