पंपाची तहान

नंदाखाल, शुक्रवार, १४ मार्च १९५८

आलं! पाणी आलं! घाईत अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

वायरमन काल बजावून गेला होता, "विजेचं काम आहे, ओला हात लावू नका." बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की विहिरीवरच्या नव्या पंपाजवळ आज कुणाला तांब्यासुद्धा नेऊ दिला नाही. संध्याकाळी धोतराला हात पुसून त्यांनी बटण दाबलं. मोटार घुमली, नळातून मात्र नुसती हवा. केळी सुकायला लागलेली आणि रहाटाचे बैल विकून झालेले. बाबा ओरडले, "फसवलं आपल्याला!"

आईचं माहेर नायगावचं, बोली अजून तिकडचीच. ती म्हणाली, "आल्या पाव्हन्याला आधी गूळ-पानी देतात. तुम्ही त्याला घोटभर पानी तरी दाखवलंत?"

सगळे हसले. मी नाही हसले. विरार स्टेशनजवळचा हातपंप आठवला. तो कोरडा पडला की आधी वरून पाणी ओततात, तेव्हाच ओढतो! म्हणजे पाणी नको ते बटणाला, पंपाच्या पोटाला नव्हे. आधी का नाही सुचलं मला?

बटण बंद करून बाबांनी पंपाचं वरचं बूच काढलं. मी तांब्यामागून तांब्या ओतला, काठोकाठ. बूच लावलं, हात कोरडे केले, बटण दाबलं. एक उचकी, आणि मग धो धो! पाटातून थेट केळीत.

"पानी झालं, गूळ राहिला," आई म्हणाली. बाबा खेकसले, "मुंग्या लागतील मोटारीला!"

आत्ता पुन्हा जाऊन बघून आले. पंपावर गुळाचा खडा आहे. आई तर केव्हाची चुलीपाशीच बसली आहे.