विचारून चालल्याचा तोटा

आदरणीय श्यामराव भाऊजींना आणि शकुनताईला धाकट्या धनीरामचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे काय म्हणतात? ताईची शुगर आटोक्यात आहे ना? आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे केस हरलो आहोत. (फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर बोललेलं उद्या कोर्टात निघतं असं वकील म्हणतात. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत.)

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या धानाच्या बांध्यांकडे जायला शेजारच्या सेवकरामच्या धुऱ्याशिवाय (कोर्टाच्या कागदात त्याला 'बांध' म्हणतात) वाट नाही. आजोबांपासून आम्ही त्यावरूनच जातो. मागच्या हंगामात आमच्या ट्रॅक्टरने त्याचा धुरा फोडला, त्यावर तो काही बोलला, त्यावर मी काही बोललो, आणि दुसऱ्या दिवशी तिथे तार लागली. मी म्हटलं, आता कोर्टातच भेटू. वकील खूश झाले. म्हणाले, वीस वर्षांच्या वर उघडपणे, हक्काने चाललात ना, मग वहिवाट तुमचीच. मी तर पेढ्यांची ऑर्डर देऊन बसलो होतो.

मग झाली आमच्या मंडळींची, बेबीबाईची साक्ष. (माहेरची साडी नेसून गेली होती, जणू कोर्टात हळदीकुंकू होतं.) समोरच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, ताई, तुमचे मालक सेवकरामला न विचारता धुऱ्यावरून जायचे का? आमच्या वकिलांना एकदम खोकला आला, पण प्रश्न घराण्याच्या वळणाचा होता, ती कसली थांबते! "आमी का बिनवळणाचे आवो का? 'जाऊ का गा सेवकराम' मनल्याबिगर यायनं त्या धुऱ्यावर कधी पाय नाई ठेवला." न्यायाधीश मॅडमनी ते उतरवून घेतलं. निकालात आलं की परवानगीने चालू देणं हा शेजाऱ्याचा चांगुलपणा, त्यातून चालणाऱ्याचा हक्क होत नाही. म्हणजे भाऊजी, तीन पिढ्या आम्ही उर्मटपणे चाललो असतो तर आज वाट आमची असती. वकील आता म्हणतात, राज्याच्या महसूल कायद्यात वेगळी सोय आहे, तहसीलदारांकडे वाट मागा. मोहाडीला अर्ज दिला आहे. तिथेही मागायचंच, फक्त साहेबाला.

शिवाय अपिलासाठी वकिलांनी बजावलं आहे की यापुढे विचारायचं नाही. सेवकरामने माणूस जाईल एवढी तार सोडली आहे. तिथून मी मुक्याने जातो, तर तो लांबून ओरडतो, "जाय गा जाय, मी हो मनतो." (त्याच्या वकिलाची शिकवण.) पण त्याच्या घरचं पिण्याचं पाणी आमच्या विहिरीचं. तोही आता मुक्यानेच बादली घेऊन येतो, आणि त्याचा हक्क लागू नये म्हणून मी पडवीतून ओरडतो, "भर गा भर, माही परवानगी हाये." दिवसभर इतक्या परवानग्या चालल्या आहेत की गावाला वाटतं आमचं पुन्हा जमलं. बाकी बोलणं साफ बंद आहे. मला त्याचं काही वाटत नाही. अपील करणारच.

इथे थांबतो, जेवण वाढलं आहे. ताईला म्हणावं, गोड जपून खा.

तुमचा, कायद्याने चालणारा,
धनीराम

ता. क. कापलेलं धान बांधीत पडून आहे आणि आभाळ भरून आलं आहे. ट्रॅक्टर आणायला दुसरी वाट नाही. तेव्हा भाऊजी, तुम्ही लगेच या आणि 'मिटव आता' म्हणून चार लोकांत मला रागवा. मी दोनदा नाही म्हणेन, तिसऱ्यांदा तुमचा मान राखेन.

आणखी एक. सेवकराम उद्या तुमच्या सानगडीला लेकीकडे चालला आहे. बेबीबाई म्हणते, पत्र त्याच्याच हाती देऊ. पाकीट चिकटवायला घरात डिंक नाही, म्हणजे एसटीत बसल्या बसल्या तो हे वाचणार. त्याच्या जागी मीही वाचलं असतं. तर सेवकराम, पुढचं तुझ्यासाठी. तुझ्याशी बोलल्याशिवाय करमत नाही बा. सानगडीला मुक्काम करू नको, संध्याकाळीच परत ये, अन् ट्रॅक्टरवर माझ्या बाजूला बस. धुरा कुठे नरम आहे ते तुलाच ठाऊक. आणि तू विहिरीवर आलास तर मी यापुढे ओरडणार नाही. पाणी तुझंच आहे. हे लेखी देतो आहे, तुझ्या वकिलाला खुशाल दाखव.