गाडीआधीची जागा

आये,

आज रविवार आहे आणि घरात आवाज करायचा नाही, म्हणून लिहितोय. तुझी सून आतल्या खोलीत झोपलीये. काशीगावच्या पुढे हायवेला लागून एक हॉस्पिटल झालंय, तिथे ती नर्स आहे आणि गेली काही वर्षं रात्रपाळीच करते, रात्रपाळीचे थोडे जास्त मिळतात म्हणून. सकाळी येते, अंघोळ करून दोन घास खाते आणि झोपते. मग सुट्टीच्या दिवशी मी माझ्याच घरात चोरासारखा वावरतो. दाराची बेल बंद, टीव्हीचा आवाज बंद, कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून भातसुद्धा पातेल्यात शिजवतो. तुझी नात शिकायला नाशिकला गेली, हॉस्टेलवर राहते, रविवारी संध्याकाळी मिस्ड कॉल देते आणि मग मी इकडून फोन लावतो. तोपर्यंत या घरात बोलायला मी एकटाच, आणि मी बोलायचं नाही असा नियम. तुला जाऊन खूप वर्षं झाली, पण तुझी एक सोय आहे. तुला कितीही सांगितलं तरी कुणाची झोप मोडत नाही. तर ऐक. मला नवी मोटरसायकल घ्यायची आहे, आणि ती घ्यावी की नाही हे मला ठरवता येत नव्हतं.

हसू नकोस. अर्धे केस पांढरे झालेल्या माणसाला मोटरसायकल कशाला, असं तुझ्या सुनेने विचारलं नाही, तिच्या भुवयांनी विचारलं. झालं असं की बँकेतली आरडी सुटली. एकगठ्ठा पैसे हातात येण्याची आपल्याकडे कुणाला सवय नाही, त्यामुळे ते कुठे घालायचे यावर आमची बोलणी सुरू झाली. बोलणी म्हणजे काय, तर ती सकाळी जिना चढत असते आणि मी भाईंदरच्या कारखान्यातल्या हापिसात जायला उतरत असतो, मधल्या वळणावर आम्ही थांबतो. भाजी झाकून ठेवलीये, गॅसवाला येऊन गेला, लाइटबिल भरा, एवढं होतं आणि ती वर, मी खाली. आमचा संसार सध्या त्या वळणावरच चाललाय. तर तिथेच ती म्हणाली, "अहो, ते पैसे घराच्या कर्जात भरून टाकू. हप्ते तेवढे लवकर संपले की मी रात्रपाळी सोडते." मी म्हटलं, मोटरसायकल घेतली तर मी तुला रोज सकाळी आणायला येईन, रिक्षाचे पैसे वाचतील. ती म्हणाली, "मला शेअर रिक्षा मिळते ना. गाडीला पेट्रोल लागतं, इन्शुरन्स लागतो, ती काय हवेवर चालणारे?" मग मी वॉशिंग मशीनचं नाव काढून पाहिलं, तर म्हणाली, "दोन माणसांचे कपडे ते किती?" हे ती अगदी सहज म्हणाली, पण मी त्या दिवशी हापिसात जाईपर्यंत तेवढंच वाक्य घोळवत होतो. तिचं म्हणणं बरोबर आहे, आये. कर्जाचंही आणि कपड्यांचंही. बरोबर आहे म्हणूनच माझी पंचाईत झाली.

तरी मी शोरूममध्ये जाऊन आलो. काळी, टाकीवर लाल पट्टा असलेली एक गाडी मला आवडली होती. विकणारा मुलगा फार गोड बोलणारा. "सर, फॅमिली में कितने लोग बैठेंगे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, दो. "बस, फिर तो यही बेस्ट है. मॅडम के लिए साडी गार्ड कंपनी की तरफ से फ्री." त्याने मला गाडीवर बसवलं, आरसे सारखे करून दिले. आरशात मागची रिकामी सीट आणि तिच्यामागे पंखा दिसत होता. मी बराच वेळ बसून राहिलो असेन, कारण तो म्हणाला, सर, किक भी मार के देखो. त्या रात्री घरी एकट्याने जेवताना मला तुझी आठवण आली. तुझी म्हणजे तुझ्या त्या पद्धतीची.

मुर्धा गावातल्या आपल्या घरात कुठलीही मोठी वस्तू आणायची झाली की तू आधी दुकान बघायची नाहीस, जागा बघायचीस. वस्तू जिथे ठेवायची तेवढी जमीन झाडून, शेणाने सारवून मोकळी करायचीस आणि आठ दिवस तशीच ठेवायचीस. त्या आठ दिवसांत त्या जागेला कुणी मुद्दाम हात लावायचा नाही, भरायचीही नाही आणि रिकामीही करायची नाही. घरातल्या पसाऱ्याने ती जागा आपणहून भरली तर वस्तू नको. माणसं तिला वळसा घालून जायला लागली तर वस्तू हवी. पैसे आहेत की नाहीत हा प्रश्न त्याच्यानंतरचा. ताईला शिवणाची मशीन हवी होती तेव्हा खिडकीखालची जागा सारवलीस. दोनेक दिवसांत तिथे वालाच्या शेंगांची पाटी आली, मग तांदळाचं पोतं, मग पोत्यावर स्वतः ताईच बसून शेंगा सोलायला लागली. "भरली," एवढंच तू म्हणालीस. ताई दोन दिवस जेवली नाही, पण मशीन आली नाही.

बाबांच्या सायकलीचं मात्र वेगळं झालं. मिठागरावरचं काम सुटून बाबा भाईंदरला कारखान्यात लागले होते आणि मुर्ध्याहून चालत जाऊन चालत येत होते. रात्री त्यांचे पाय तू कोमट खोबरेलाने चोळायचीस. ओट्याच्या कडेला सायकलीएवढी लांबट जागा तू सारवलीस. मी शाळेतून पळत येतोय, दप्तर टाकायला ओट्याकडे वळतोय, आणि तू आतून ओरडतेस, "अरं ए, सायकलीवर पाय देतोस? डोळे हायत का न्हाय?" मी एक पाय हवेत धरून उभा. "सायकल कुठंय?" "येतेय ना." त्या दिवसापासून आम्ही सगळे तिथून वळसा घालायला लागलो. बाबाही संध्याकाळी घरी आले की त्या जागेच्या शेजारी उभे राहून डोक्याचा रुमाल सोडायचे, सायकल भिंतीला टेकवून ठेवल्यासारखे. कोंबड्यांना तेवढा तुझा नियम कळला नाही. पण तू म्हणालीस, कोंबड्या हिशोबात न्हाय धरायच्या, आणि सायकल आली.

तुझ्या सुनेच्या वेळीही तू तेच केलंस. लग्नाच्या आधी चुलीजवळ एक पाट मांडलास आणि आम्हाला त्याच्या बाजूने जायला लावलंस. ही दादरला वाढलेली, शिकलेली पोर. आल्यावर तू तिला तो पाट दाखवून सगळं सांगितलंस, तेव्हा ती पोट धरून हसली होती. "आई, मी काय कपाट आहे का?" तू म्हणालीस, "कपाटासाठी कोन येवढा वळसा घालतंय गं?" मग ती त्या पाटावर बसली आणि तुम्ही दोघी हसत राहिलात. मी दारातून बघत होतो. इतकं हसणारं माणूस आपल्या वाट्याला आलंय याचा मला तेव्हा गर्व झाला होता, तुला कधी बोललो नाही.

तर मागच्या रविवारी ती झोपलेली असताना मी खाली उतरलो. आमच्या इमारतीत खाली खांबांच्या मधे गाड्या लावायच्या जागा आहेत, त्यातली एक आमच्या नावावर आहे. आमच्याकडे गाडी नाही म्हणून ती सगळ्यांची झाली होती. तुटकी कुंडी, कुणाच्या तरी दाराची जुनी चौकट, कुणाच्या पोराची चाक नसलेली तीनचाकी. मी सगळं उचललं, जागा झाडली आणि बादल्या ओतून फिनाइलने घासून काढली. शेण कुठून आणू? आता मुर्ध्यातसुद्धा म्हैस शोधावी लागेल. सगळी जमीन तेलाच्या डागांनी काळी आणि मधे हा धुतलेला स्वच्छ चौकोन. समोरचे गुजराती शेजारी भाजी घेऊन येत होते, ते थांबले. "अरे भाई, ये तो मंदिर हो गया! क्या, गाडी-बाडी ले रहे हो?" मी म्हटलं, देखते हैं. "देखो देखो," म्हणाले आणि त्या चौकोनावरूनच चालत जिन्याकडे गेले. फिनाइलच्या ओल्या जमिनीवर त्यांच्या चपला उमटल्या.

मग आठवडाभर मी पाहत होतो. फाटकापासून जिन्यापर्यंतची सरळ वाट नेमकी त्या जागेवरून जाते. दूधवाला त्यावरून गेला, पेपरवाला गेला, पोरांनी तिथे क्रिकेटचे स्टम्प मांडले आणि काढून नेले. वळसा कुणीही घातला नाही, आणि का घालावा? तुझी पद्धत चालायची कारण एका छपराखाली आपण एवढी माणसं होतो आणि जे अजून आलेलं नाही ते सगळ्यांना मिळून दिसायचं. इथे माझी गाडी कुणाला दिसणार? रोज संध्याकाळी हापिसातून आल्यावर मी वर न जाता त्या जागेच्या शेजारी थोडा वेळ उभा राहायचो. वर जाऊन करणार काय? ती तोवर ड्यूटीला निघालेली असते. वॉचमनने एकदा विचारलं, "साहब, किसी का इंतजार कर रहे हो?" मी नाही म्हटलं.

तिथे उभं राहून एक गोष्ट मला कळली, ती तुला सरळच सांगतो. रिक्षाचे पैसे वाचतील वगैरे मी जे बोललो ते सगळं बाजूला ठेव. मला गाडी हवी आहे कारण हॉस्पिटलपासून घरापर्यंतचा रस्ता ती माझ्या मागे बसलेली असेल. बोलली नाही तरी चालेल, दमलेली असते. हात खांद्यावर ठेवला तर ठेवला. कर्ज लवकर फिटलं तर काही वर्षांनी ती रात्री घरी असेल, हे मला कळतं. पण त्या काही वर्षांपर्यंत मी जिन्याच्या वळणावर उभा राहू शकत नाही, आये. मला फार एकटं वाटतं. हे तिला सांगायचं तर तेवढा वेळ वळणावर मिळत नाही, आणि मिळाला तरी रात्रभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून आलेल्या बाईला आणखी एक दुखणं कसं सांगायचं?

आणि काल सकाळी असं झालं. मी नेहमीसारखा डबा घेऊन उतरत होतो, वळणाच्या खालच्या पायऱ्यांवर होतो. तिथून खालचे खांब दिसतात, पण खालच्या माणसाला आपण दिसत नाही. ती फाटकातून आत आली. खांद्याला पर्स, हातात पिशवी, मान खाली, चपला ओढत. सरळ वाटेने आली आणि त्या धुतलेल्या चौकोनाच्या कडेला थांबली. मी तिला जागेबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. तिने जमिनीकडे पाहिलं, मग इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग पदर आणि निऱ्या एका हाताने आवरून घेतल्या, लावलेल्या गाडीजवळून जाताना बायका काळं लागू नये म्हणून घेतात तशा, आणि अंग चोरून त्या जागेला वळसा घालून जिन्याकडे आली.

मी दोन पायऱ्या मागे चढलो, तिला वळणावरच भेटावं म्हणून. ती आली, म्हणाली, "आजपण त्या रिक्षावाल्याने हायवेलाच उतरवलं, तिथून चालत आले." मी म्हटलं, चहा गाळून ठेवलाय. ती वर गेली, मी खाली गेलो. खाली गेल्यावर मी पण वळसा घातला. हापिसात पोचेपर्यंत मला नीट समोरचं दिसत नव्हतं.

उद्या मी शोरूममध्ये पैसे भरणार आहे. आज संध्याकाळी ती उठली की तिला सांगेन. ती कर्जाचं काढेल, मी ऐकून घेईन, आणि मग बहुतेक ती रंग विचारेल. हे पत्र काही मी पाठवणार नाही. पाठवायचं तरी कुठे, तुझा फोटो माझ्या डोक्यावरच्या भिंतीला आहे आणि मी खाली बसून लिहितोय. ती उठायच्या आत कागद फाडून टाकेन. तुझ्या हातात तो पडू नये याला आणखीही एक कारण आहे. बुधवारी सोसायटीच्या रंगकाम करणाऱ्यांनी त्या जागेत रंगाचे डबे आणून ठेवले होते, चांगली उतरंड रचली होती. तुझ्या नियमाने जागा भरली होती, म्हणजे वस्तू नको. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी ते सगळे डबे उचलून पंपाच्या खोलीमागे नेऊन ठेवले. गुरुवारी ते पुन्हा तिथेच आले होते. मी पुन्हा उचलले.